नवा ब्लॉग दोन महिन्यांत गपगार का होतो, आणि होऊ नये म्हणून काय करायचं

कुणाचा ब्लॉग बंद पडला की लोक लगेच म्हणतात, आरंभशूर आहे, नव्याचे नऊ दिवस. मला हे काही पटत नाही. आरंभशूर माणूस नाव ठरवून, पहिली पोस्ट टाकूनच गायब होतो. पण बहुतेक जण आठ-दहा पोस्ट लिहितात, मन लावून लिहितात, रात्री जागून फोटो निवडतात, आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर देतात आणि मग एकदम शांत होतात. आळशी माणसाकडून दहा पोस्ट होतच नाहीत हो. हा थांबतो कारण दहावी पोस्ट टाकली त्या दिवशी त्याच्याकडे अकरावीचं काहीच नसतं, विषय नाही, फोटो नाही, साधी एक ओळ नाही, आणि मग रोज ऑफिसमधून आल्यावर कोऱ्या पानासमोर बसायचं म्हटलं की जीवावर येतं. म्हणजे घोडं पेंड खातं ते दोन पोस्टच्या मधल्या दिवसांत, त्यामुळे खाली जे काही सांगतोय ते सगळं त्या मधल्या दिवसांसाठीच आहे.

उदाहरण म्हणून ट्रेकिंगचा ब्लॉग घेऊ, कारण मराठीत तो प्रकार भरपूर आहे आणि त्यात हे सगळे आजार एकत्र दिसतात. रेसिपी, पुस्तकं, शेती, काहीही असलं तरी गणित तेच.

पहिल्या महिन्यात होतं काय

पाच-सहा वर्षं डोंगर फिरून झालेले असतात. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, नाणेघाट, सगळं डोक्यात साठलेलं, मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग. ब्लॉग काढल्यावर माणूस ठरवतो की आठवड्याला दोन पोस्ट, आणि पहिला महिना ते जमतंसुद्धा, पण ती सगळी जुनी शिल्लक असते, नवीन कमाई नाही. शिल्लक संपली की कळतं की नवीन पोस्टसाठी नवीन ट्रेक पाहिजे, ट्रेकसाठी मोकळा शनिवार-रविवार पाहिजे, आणि तेवढ्यात एप्रिल उजाडतो, उन्हात कुणी गड चढत नाही. मग जूनमध्ये पाऊस पडल्यावर बघू. जूनमध्ये कोण बघतंय!

म्हणून पहिलं काम म्हणजे वेग ठरवताना उत्साहातला रविवार धरू नका, वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा धरा. मार्च एण्ड, पोरांच्या परीक्षा, घरात लग्न, गणपती, गावची जत्रा. त्या आठवड्यातही जे जमेल तो तुमचा खरा वेग. नोकरी करणाऱ्याला महिन्यातून दोन पोस्ट म्हणजे खूप झाल्या, एक असली तरी चालतं. आणि "दर सोमवारी नवीन पोस्ट" असं वरती लिहून ठेवू नका राव, वाचक सोमवार मोजत बसत नाही, मोजता तुम्हीच, आणि एक सोमवार चुकला की तोंड लपवत फिरताही तुम्हीच.

पाच लिहा, एक टाका

ब्लॉग सुरू केल्याचं कुणाला सांगायच्या आधी पाच पोस्ट लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा. एकच पब्लिश करा. बाकीच्यांना तारखा लावून द्या, गुगलच्या ब्लॉगर या फुकट सेवेत पोस्टच्या सेटिंगमध्येच पुढची तारीख आणि वेळ टाकता येते, वर्डप्रेसमध्येही येते. पण सगळ्यांना तारखा लावायच्या नाहीत, दोन पोस्ट कायम बाजूला, त्यांना हात लावायचा तो फक्त आजारपण किंवा तसंच काही आलं तर. आणि त्यातली एक वापरली की पुढचं काम म्हणजे ती भरून काढणं, टाकायची पोस्ट नंतर.

याच्यापेक्षाही उपयोगाची एक सवय आहे. पोस्ट पब्लिश केली की लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी, हो आधी, नवीन ड्राफ्ट उघडायचा आणि पुढच्या पोस्टचं कच्चं नाव आणि तीन-चार वाक्यं टाकून ठेवायची, कशीही, मोडकीतोडकी. त्या वेळी हात चालू असतो, डोकंही लिहिण्यातच असतं, पाच मिनिटांत होतं. तेच चार दिवसांनी करायला बसलात तर तास जातो. अर्धवट लिहिलेलं पुढे न्यायला फार जोर लागत नाही, सगळा जोर पहिल्या वाक्यालाच लागतो.

विषय बारीक करा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा "हरिश्चंद्रगड" अशी पोस्ट लिहायला घेतली. मग त्यात इतिहास आला, मंदिर आलं, कोकणकडा आला, तारामती शिखर आलं, सगळ्या वाटा, राहायची सोय, चाळीस फोटो. तीन आठवडे झाले तरी पोस्ट संपत नाही, रोज उघडायची, दोन ओळी इकडे तिकडे करायच्या आणि बंद करायची, शेवटी तिचा कंटाळा येतो आणि ती पूर्ण होत नाही तोवर दुसरी सुरू करायला मन धजावत नाही. ब्लॉग त्या एका पोस्टखाली दबून मरतो. बरं, समजा झाली पूर्ण, तर अख्खा गड एका फटक्यात संपला, आता पुढे काय?

तोच गड फोडून बघा. राजूरवरून पायथ्याच्या पाचनई गावाला कसं जायचं, गाडी कुठे लावायची, वाट सोपी म्हणजे नेमकी किती सोपी, आईवडिलांना नेता येईल का, ही एक पोस्ट. खिरेश्वरवरून टोलार खिंडीतून चढायची वाट, आणि चढायच्या आधी गावाजवळचं नागेश्वराचं मंदिर का चुकवू नये, ही दुसरी. नळीची वाट तिसरी, आणि तिथे नवख्याने एकट्याने का जाऊ नये हे त्यातच. केदारेश्वराची गुहा चौथी.

आता ती चौथी घ्या. गुहेत मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते त्यातला एकच धड उभा, आणि सगळीकडे कमरेएवढं पाणी, तेही इतकं गार की पाय टाकल्या टाकल्या तोंडातून आवाज निघतो. एवढंच लिहायचं. आत उतरायचं असेल तर कपडे कुठे ठेवायचे, मोबाईल कुणाकडे द्यायचा, तळ लगेच दिसत नाही म्हणून पाऊल कसं टाकायचं, बाहेर आल्यावर चहा कुठे मिळतो. चारशे-पाचशे शब्द, तीन फोटो. एका संध्याकाळी होते. आणि गंमत म्हणजे गुगलवर शोधणारा माणूस अशीच बारीक गोष्ट शोधतो, "पाचनई वाट कशी आहे" असं टाकतो. नुसत्या "हरिश्चंद्रगड" या नावावर तुमच्या आधी शंभर जण उभे असतात, पाचनईच्या पार्किंगवर कुणी धड लिहिलेलं नसतं.

म्हणजे एका गडाच्या चार-पाच पोस्ट झाल्या आणि महिन्याला दोन धरल्या तर दोन महिने निघाले. गडाची उंची 1424 मीटर वगैरे माहिती सगळीकडे असते, ती एका ओळीत उरका.

आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यासाठी वेगळी वही ठेवा. बूट चिखलातून आल्यावर कसे सुकवायचे, दोघांच्या दोन दिवसांच्या ट्रेकला शिधा किती, कुठल्या गडावरची टाकी मार्चनंतर आटतात. शिवाय इंग्रजांच्या काळातले जिल्हा गॅझेटियर, म्हणजे एकेका जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, आहेत, नाशिकचा खंड 1883 चा, अहमदनगरचा 1884 चा, पुण्याचा 1885 चा. त्यात किल्ल्यांच्या नोंदी आहेत आणि इंटरनेटवर ते फुकट वाचायला मिळतात. त्यातली एक नोंद घ्यायची, आपल्या मराठीत सांगायची, आणि तेव्हा काय होतं, आता काय उरलंय हे आपल्या फोटोंशी ताडून दाखवायचं. मे महिन्यात पंख्याखाली बसून होणारं काम आहे, एकही पायरी न चढता. प्रत्येक विषयाला असा भाकड काळ असतोच, तुमच्या विषयाचा कुठला ते सुरुवातीलाच ओळखून ठेवा.

टायपिंगची कटकट

हे कुणी कारण म्हणून सांगत नाही, पण असतं. मराठी टाइप करताना दर तिसऱ्या शब्दाला थांबावं लागत असेल तर माणूस लिहायचंच टाळतो. दोनच रस्ते आहेत. एकतर इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेली) नाहीतर फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाकला की मराठी उमटतं), जे काही असेल ते एकच धरून ठेवा, आज हे उद्या ते करू नका. नाहीतर जीबोर्डवर, म्हणजे मोबाईलमधल्या गुगलच्या कीबोर्डवर, माईक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी नीट उमटतं. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर हाताने बघावी लागतात पण कच्चा मजकूर एसटीत, गड उतरताना, कुठेही तयार होतो. ट्रेकवाल्यांनी तर परतीच्या प्रवासातच बोलून ठेवावं, घरी आल्यावर वाटेतल्या खुणा विसरायला होतात.

वर्डमधून कॉपी करून पेस्ट केलं तर फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर सगळं विस्कटतं, मग ते निस्तरण्यात रात्र जाते. कंट्रोल शिफ्ट व्ही दाबून साधा मजकूर पेस्ट करा, विषय संपला. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर वाचकाला नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

टेम्प्लेट, लोगो, रंग, यात पहिले सहा महिने पडू नका. जो तयार मिळतोय तो घ्या. रंग बदलत बसलं की काम केल्यासारखं वाटतं आणि पोस्ट मात्र होत नाही.

आकडे बघायचं थांबवा, निदान काही दिवस

पहिल्या दोन-तीन पोस्टना व्ह्यूज बरे येतात कारण ते मित्र, मावशी, ऑफिसचा ग्रुप असतात. पाचव्या पोस्टपर्यंत त्यांचं कौतुक करून झालेलं असतं. अनोळखी वाचक गुगलवरून यायला कित्येक महिने लागतात, नवीन ब्लॉगची पानं गुगलच्या यादीत चढायलाच वेळ जातो. म्हणजे ओळखीचे गेले आणि अनोळखी अजून आलेले नाहीत असा एक रिकामा काळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि बरोबर त्याच काळात जुनी शिल्लकही संपलेली असते. दोन्ही एकत्र आलं की माणूस म्हणतो, कुणी वाचतच नाही तर लिहू कशाला.

तर त्या काळात आकडे उघडूच नका. ब्लॉगरच्या आकड्यांचं तसंही फार मनावर घेऊ नये, त्यात यंत्रांच्या भेटीही मोजल्या जातात, एखाद्या दिवशी भलत्याच देशातून दोनशे व्ह्यूज दिसतात आणि माणूस उगाच हरखतो. स्वतःच्या भेटी न मोजायची सोय तिथेच आहे, ती चालू करून टाका. बघायचंच असेल तर महिन्यातून एकदा सर्च कन्सोल (लोक गुगलवर काय शोधून तुमच्याकडे आले हे दाखवणारी गुगलची फुकट सोय) उघडा आणि लोक काय टाइप करून आले तेवढं वाचा. त्यातून पुढचे विषय मिळतात, व्ह्यूजच्या आकड्यातून नुसती खंत मिळते.

पैशांचंही थोडं सांगतो. ॲडसेन्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेत, शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत, आणि त्याच्या आधी दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, तो मिळेपर्यंत पोस्टमनची वाट बघायची. मराठीत नवीन ब्लॉगला त्या पिनपर्यंत पोचायलाच बराच काळ लागू शकतो. लिहू नका असं नाही म्हणत, पण पहिल्या वर्षाच्या हिशोबात तो कॉलम ठेवूच नका.

खंड पडलाच तर

पडणारच. आणि खंडापेक्षा त्याची लाज जास्त नुकसान करते. तीन महिने झाले की वाटतं आता परत यायचं तर काहीतरी जबरदस्त घेऊन यावं लागेल, मग ते जबरदस्त सुचत नाही आणि तीनाचे आठ महिने होतात. त्यामुळे परत येताना सगळ्यात छोटी पोस्ट टाका. एक फोटो आणि सहा ओळी. "खूप दिवसांनी लिहितोय, क्षमस्व, आता नियमित लिहीन" ही पोस्ट तर अजिबात नको, कित्येक मराठी ब्लॉगवर शेवटची पोस्ट नेमकी हीच दिसते! कुणी हिशोब मागितलेला नसतो, सरळ विषयाला हात घाला.

लिहिणं खरंच थांबवायचं असेल तरी काही बिघडत नाही, पण ब्लॉग वाऱ्यावर सोडू नका. दोन वर्षं हात न लावलेली खाती गुगल पुसून टाकू शकतं, 2023 च्या शेवटापासून हा नियम लागू आहे. तेव्हा अधूनमधून लॉगिन करत जा आणि ब्लॉगरच्या सेटिंगमधून सगळ्या मजकुराचा बॅकअप उतरवून घ्या. स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा विकतचा पत्ता, घेतलं असेल तर रिन्यूची तारीख बघा, पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं दुसऱ्या वर्षी चांगलंच महाग पडतं. नको असेल तर डोमेन काढून ब्लॉगरने फुकट दिलेला ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता परत चालू करता येतो, मजकूर कुठे जात नाही. आणि लॉगिन केलंच आहे तर ड्राफ्टची यादीही चाळा, त्यात एखादी चारशे शब्दांची पोस्ट नुसती फोटोसाठी अडकून पडलेली असते, ती फोटोशिवायच टाकून द्या.