कपाटातल्या सुगंधी पुरचुंड्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शिवणकाम येत असते, वाळा आणि नागरमोथा दिवाळीच्या उटण्यामुळे ओळखीचे असतात. त्यामुळे कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या सुगंधी पुरचुंड्या हा घरबसल्या जमणारा उद्योग वाटतो, आणि तो तसा आहेही. मात्र विदर्भातल्या वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकीला सर्वांत आधी संत्र्याची साल आठवते, आणि नेमकी तीच साल सगळा माल नासवू शकते. मला त्याचा फटका बसला आहे, म्हणून याविषयी मी जरा लांबण लावणार आहे.

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात येतात आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणाला मागणी असते. हे गणित इतके सोयीचे आहे की घाई होतेच. साल वरून लवकर कडक होते, परंतु केशरी भागाखालचा पांढरा थर ओल धरून बसतो. पुरचुंडी भरताना वास उत्तम येतो, रंगही छान दिसतो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यावर मात्र ती ओल बाहेर पडते, शेजारच्या कोरड्या वाळ्यात शिरते आणि काही दिवसांतच सगळ्याला कुबट वास येऊ लागतो. बुरशी तुमच्या घरी दिसत नाही, ती गिऱ्हाइकाच्या शालूच्या घडीत दिसते. असे गिऱ्हाईक भांडायला येत नाही. ते पुन्हा येतच नाही.

म्हणून साल सोलल्यावर पांढरा थर चमच्याने खरवडून काढावा, बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कराव्यात आणि त्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुती कापडावर पसराव्यात. उन्हात वाळवण्याचा मोह टाळावा, कारण सालीच्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या झटकन उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो. तो उन्हात गेला की उरते ते नुसते भुसकट. रात्री दव पडते, तेव्हा पट्ट्या घरात घ्याव्यात. पट्टी वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे. तेवढ्यावरही विसंबू नये. मूठभर पट्ट्या काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी काचेवर आतून धुके दिसले किंवा कालची कडक पट्टी आज लवू लागली, तर सगळा माल पुन्हा पसरावा, मग मागणी कितीही तातडीची असो. पावसाळ्यात हे काम मुळीच हाती घेऊ नये.

घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण बाकीचे काम खरोखर सोपे आहे. सालीचा वास हलका असतो आणि लवकर विरतो. टिकाऊ गंध मुळांचा असतो. माझे प्रमाण असे आहे: वाळा ५० ग्रॅम, गव्हला कचरी २५, नागरमोथा २५, साल १५ आणि लवंग ५ ग्रॅम. हे सर्व जाडसर भरडावे. पूड केल्यास वास लवकर उडतो आणि ती कापडातून गळते. शेतातला लव्हाळा उपटून त्याच्या गाठी नागरमोथा म्हणून वापरण्याची काटकसर मला पटत नाही, कारण काळी माती धुता धुता जीव जातो आणि धुतलेली गाठ वाळवण्याचे काम पुन्हा मागे लागते. कुलरच्या जुन्या ताट्या तर उसवूच नयेत. त्यांत हल्ली बहुधा लाकडाचा कीसच असतो, आणि वाळा निघालाच तरी त्याने उन्हाळाभर पाणी प्यायलेले असते.

काही प्रशिक्षणांत तांदळावर सुगंधी तेल शिंपडून पिशवी भरायला शिकवतात. तांदळाला सोंडे लागतात आणि तेलाचा डाग रेशमावरून जात नाही. असल्या प्रमाणपत्रापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातला जुना माणूस बरा. तो मूळ मोडून तुमच्या नाकाशी धरतो आणि नवे-जुने ओळखायला शिकवतो.

कापड मांजरपाट किंवा मलमल घ्यावे आणि खळ पूर्ण निघेपर्यंत धुवावे, कारण कसरीला खळ आवडते. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत मिसळू नयेत: जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात, आणि बाळाचे कपडे बहुधा त्याच कपाटात असतात. कापूर लहान मुलांनी गिळल्यास विषारी ठरतो, म्हणून तोही मी घालत नाही.

वेष्टनावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि महिना-वर्ष छापावे. आवेष्टित वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांना ते लागते. ‘कसर मारते’ असे मात्र लिहू नये, कारण कीटकनाशक म्हणून काहीही विकायचे झाल्यास १९६८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. ‘वास मंदावल्यास हाताने चुरगाळावी’ एवढी सूचना पुरते.