टूरिंग कार आणि एन्ड्युरन्स शर्यतींमध्ये व्यावसायिक चालक होण्यासाठी

एन्ड्युरन्स म्हणजे अनेक तास चालणाऱ्या शर्यतीत एकच गाडी दोन-तीन किंवा चार चालक आळीपाळीने चालवत असल्यामुळे चालक निवडताना संघ त्याच्या एखाद्या झळाळत्या फेरीपेक्षा, टायर झिजत असतानाही त्याने टिकवलेल्या सलग फेऱ्यांच्या वेळा अधिक बारकाईने तपासतो. तयारीची दिशा यावरूनच ठरवावी.

कार्टिंगनंतर (लहान, उघड्या गाड्यांच्या शर्यतींनंतर) एकाच बनावटीच्या गाड्यांची स्पर्धा आणि तिथून टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवर आधारित शर्यतीची गाडी, हा मार्ग मला सर्वांत उपयुक्त वाटतो. टीसीआर या टूरिंग कार प्रकारातील गाडीचे इंजिन केवळ पुढच्या चाकांना शक्ती देते. वळणे आणि वेग घेणे हे दोन्ही भार त्याच टायरांवर पडत असल्याने स्टिअरिंगचा हिसका मारणाऱ्या चालकाला त्याची किंमत शर्यतीच्या उत्तरार्धात मोजावी लागते. फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यत विक्रमी ९ वेळा जिंकणारे टॉम क्रिस्टेन्सन जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कार मालिकेतही अनेक हंगाम उतरले होते.

एफआयए ही मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय नियामक संस्था चालकांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी चढत्या क्रमाने वर्गवारी करते, आणि अनेक मालिकांमध्ये प्रत्येक गाडीत खालच्या श्रेणीचा चालक असणे बंधनकारक असते. त्यामुळे सिल्व्हर श्रेणीतील वेगवान तरुणाला चांगली मागणी असते. वरच्या श्रेणीत गेल्यावर मात्र जागा मिळवणे कठीण होऊ शकते, म्हणून कोणत्या हंगामात कोणती मालिका निवडायची याचा विचार आधीच करावा. ब्राँझ चालक बहुधा स्वतःचा पैसा घालून शर्यतीत उतरलेला हौशी असतो. टेलिमेट्रीचे (गाडीतील संवेदकांनी नोंदवलेल्या माहितीचे) आलेख समोर ठेवून, त्याचा आत्मविश्वास न दुखावता त्याला शिकवता येणे हे व्यावसायिक चालकाच्या उपजीविकेचे साधन आहे, आणि नवोदित चालक त्याकडे फार दुर्लक्ष करतात, हे मला खटकते.

ल मांमध्ये कोणत्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा अधिक आणि एकूण १४ तासांपेक्षा अधिक वेळ एका चालकाला गाडी चालवता येत नाही. उष्ण कॉकपिटमध्ये इतका वेळ टिकण्यासाठी मानेचा व्यायाम, पाण्याचे नियोजन आणि तुकड्यातुकड्यांत झोप घेण्याची सवय हवी. मागून वेगवान प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठीच बनवलेली गाडी) येत असताना जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर आधारित गाडी) चालकाने आपली रेषा अचानक बदलू नये. ओलांडून जाण्याची जबाबदारी मागच्याची असते. पिटमध्ये (इंधन, टायर व चालक बदलण्याच्या जागेत) शिरण्यापूर्वी टायरांची पकड, ब्रेकचा कल (पुढच्या-मागच्या चाकांत विभागलेला ब्रेकचा जोर) आणि ट्रॅकवर सांडलेले तेल यांची माहिती रेडिओवरून द्यावी, म्हणजे पुढच्या चालकाला पहिल्याच वळणावर अंदाज घेत बसावे लागत नाही.