चिंधीची बाहुली शिवताना : तिच्या तोंडावर हसू काढू नका

कापसाची वेचणी लागली की आमच्याकडच्या बाया दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सकाळी सातला वावरात असतात. लहान लेकरू घरी आजीजवळ, नाहीतर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. माय दिवसभर दिसते ती लांबूनच, पऱ्हाटीत वाकलेली. अशा लेकराला छातीशी धरायला काहीतरी लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी २२ वर्षांपासून त्यांच्यासाठी चिंधीच्या बाहुल्या शिवते आहे. दोनशेच्या वर झाल्या असतील.

मोबाइलवर ‘दहा मिनिटांत बाहुली’ शिकवतात, ती बघून बाया माझ्याकडे येतात. मोज्यात थर्माकोलचे दाणे, चिकटवलेली बटणं, लाल ओठांचं मोठं हसू. अशी बाहुली फळीवर ठेवायला बरी. रडणाऱ्या लेकराच्या ती उपयोगाची नाही, आणि लहानाच्या हातात धोक्याची आहे.

मऊ कापडाचं महत्त्व मी माझ्या मनाचं सांगत नाही. हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लू पोटापुरतं तिच्याकडे जाई आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून बसे. प्रयोग क्रूर होता, पण पोट भरलं म्हणजे लेकराचं सगळं झालं हा समज त्याने मोडला.

साहित्य

जुनं सुती लुगडं किंवा धोतर, शिंप्याकडचं कातरण, पावशेर रुई, सुई, जाड दोरा. लेकरू ज्या माणसाची आठवण काढतं त्याचंच कापड मिळालं तर तेच घ्या. पॉलिस्टरची साडी नको, ती ना घाम शोषते ना आसवं.

घरचा कापूस आहे म्हणून तो सरकीसकट भरू नका. सरकी टोचते, ओल लागली की कुजते, आणि तिच्या वासावर उंदीर येतात. जिनिंगमधून आलेली रुईच वापरा. बाहुलीला वजन यावं म्हणून पोटात ज्वारी-तांदूळही घालू नका, पावसाळ्यात सोंडे होतात.

डोकं

कातरणाच्या पट्ट्या ताणून गुंडाळत चेंडू करा. आंबिया बहाराच्या चांगल्या भरलेल्या संत्र्याएवढा. वरून रुईचा बोटभर थर द्या, त्यावर कापड ओढून खाली आवळून बांधा. खाली वीतभर पट्ट्या लोंबत्या राहू द्या, त्या धडात उतरतात आणि मान पडत नाही. मान ताठ राहावी म्हणून काडी किंवा तार घालायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. ती आज ना उद्या कापडातून बाहेर येते, आणि लेकराचा डोळा तिथेच असतो.

चेहरा

इथे घाई करू नका. बाकीची बाहुली कशीही झाली तरी चालते. चेहरा बिघडला की सगळी बिघडली.

सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत मी प्रत्येक बाहुलीला हसरं तोंड करत होते. लाल दोऱ्याने कानापासून कानापर्यंत. लेकरू रडतं आहे तर बाहुलीने त्याला हसवावं, एवढाच विचार. मग शेजारच्या एका पोरीची आई नागपूरला दवाखान्यात भरती झाली. पोर पाच वर्षांची. मी रात्र जागून तिच्यासाठी बाहुली शिवली, हसू तर अगदी जीव ओतून काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तिने ती भिंतीकडे तोंड करून उभी केलेली. म्हटलं, काहून वं, आवडली नाही काय? ती माझ्याकडे न बघताच बोलली, “माही माय दवाखान्यात हाय अन् हे हासून राह्यली.”

त्या दिवशी मी ते हसू उसवलं. लाल दोरा ओढून काढला तेव्हा टाक्यांची बारीक भोकं तशीच राहिली होती. मी त्यावर एकच छोटा आडवा टाका घातला आणि बाहुली तिच्याजवळ ठेवली. काही बोलले नाही. संध्याकाळी ती बाहुली तिच्या मांडीवर होती आणि पोर तिला सांगत होती, “रडू नोको, येते आपली माय.” मायबद्दल ती आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बाहुलीच्या तोंडावर कुठलाच भाव काढू नका. हसू नको, तसं रडूही नको. कोरं तोंड असलं की लेकरू रडतं तेव्हा बाहुली रडते, लेकरू रागावतं तेव्हा ती रागावते, आणि त्याला झोप येते तेव्हा तिचेही डोळे जड होतात. आपण हसू शिवून टाकलं की लेकराला सांगितल्यासारखं होतं, तुझं दुःख इथे नको. १९१९ साली जर्मनीत स्टुटगार्टला वॉल्डॉर्फ शाळा सुरू झाल्या, त्यांच्या कापडी बाहुल्यांनाही असेच साधे, मोजक्या टाक्यांचे चेहरे असतात. हे मला फार पुढे वाचायला मिळालं. आपल्या भुलाबाईला रंगवलेलं तोंड शोभतं, कारण ती महिनाभर पाटावर बसते आणि पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात. ही बाहुली गोधडीत शिरते, तिचं काम वेगळं आहे.

आता टाके कसे घालायचे ते.

आधी डोक्याच्या बरोबर मध्यावरून जाड दोरा आडवा गुंडाळा आणि मागे गाठ मारा. दोरा थोडा रुतला की वर कपाळ होतं, खाली गाल फुगतात. याच रेषेवर डोळे. बहुतेक जणी डोळे वर, कपाळाकडे घेतात आणि मग बाहुली पोक्त बाईसारखी दिसते. लेकराचे डोळे चेहऱ्याच्या अर्ध्यात किंवा त्याच्याही किंचित खाली असतात. झोपलेल्या लेकराकडे नीट बघा.

टाके घालण्याआधी तीन टाचण्या टोचा, दोन डोळ्यांच्या आणि एक तोंडाची. तिन्ही अंतरं जवळपास सारखी यायला हवीत. मग डोकं हातभर लांब धरून बघा, उंबऱ्यात ठेवून बघा. पटेपर्यंत टाचण्या सरकवा. मी कधी कधी हे रात्रभर तसंच ठेवते आणि सकाळच्या उजेडात ठरवते. रात्री बरोबर वाटलेला डोळा सकाळी वाकडा निघतो. शिवायला घेताना टाचण्या मोजून परत डबीत टाका.

सुई डोक्याच्या मागून आत घाला, म्हणजे गाठ केसांखाली लपते. प्रत्येक डोळ्याला काळ्या किंवा तपकिरी दोऱ्याचे दोन-तीन टाके, तांदळाच्या दाण्याएवढे. तोंडाला फिक्या दोऱ्याचा एकच आडवा टाका, त्याची टोकं ना वर ना खाली. दोरा ओढताना हात आवरा. जास्त ओढला की डोळा खोल जातो आणि बाहुली रागीट दिसते. माझ्या निम्म्या चुका इथल्याच आहेत. भुवया काढूच नका, किंचित तिरकी गेली तरी चेहरा भांडकुदळ होतो. नाकाची गरज नाही. पेनाने रेघोट्या नकोत, पहिल्या धुण्यात शाई गालभर पसरते. आजीला दृष्टीची तीट लावायचीच असेल तर काळ्या दोऱ्याचा एक टाका घाला, काजळ नको.

बटणं आणि मणी नकोच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना सुटे भाग साधारण सव्वा इंच रुंद नळीत टाकून बघतात. नळीत पूर्ण मावणारी वस्तू लेकराच्या घशात अडकू शकते. बटण सहज मावतं.

धड, हात, केस

धडाची पिशवी शिवा, कातरण गच्च भरा, बुडाशी जास्त, म्हणजे बाहुली बसते. हात मात्र लांब ठेवा, लेकराच्या गळ्यात पडतील एवढे. केसांना लोकर नाहीतर नुसता पदर. वीतभराहून लांब नाडी कुठेही लावू नका.

पोरांसाठीही शिवा. ‘बाहुली पोरीनं खेळावं’ म्हणणारे म्हातारे आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता मी पोरांना कापडाचा गोऱ्हा शिवून देते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरवणाऱ्या पोराला तो लगेच आपला वाटतो, आणि लाकडी नंदीला रात्री कुशीत घेता येत नाही. गोऱ्ह्यालाही डोळ्यांचे टाके तसेच, तोंड कोरंच.

हातात देताना

माय काही दिवसांसाठी गावाबाहेर जाणार असेल तर बाहुली आधी दोन रात्री तिच्या उशाशी ठेवा. कापड वास धरतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी मात्र बाहुली, उशी, काहीच मऊ ठेवू नका, श्वास कोंडू शकतो. त्याला ती जागेपणी, आपण समोर असताना द्यायची.

‘ही घे, आता रडायचं नाही’ असं म्हणत देऊ नका. तो सौदा झाला. लेकराच्या जवळ ठेवा आणि आपल्या कामाला लागा. चार दिवस त्याने हात लावला नाही तरी चालेल. बाहुलीला काय सांगितलंस, असं खोदून विचारायचं नाही.

लेकरू तिला मारेल, आपटेल, ‘तुले जेवाले नाही देत’ म्हणेल. मारू द्या. घरात ऐकलेलं कुठेतरी बाहेर पडावंच लागतं, आणि चिंधीला दुखत नाही. मोठी माणसं इथे धावून येतात आणि ‘असं करतात का?’ म्हणून बाहुली हिसकावतात. मग ते सगळं लेकराच्या आतच राहतं.

धुणं आणि सांधणं

फाटली तर नवी आणू नका, लेकराला जवळ बसवून त्याच्यापुढे शिवा. टाका दिसला तरी हरकत नाही. आमच्या गावातली पोरं एकमेकांना बाहुलीचे टाके दाखवतात, मोठी माणसं ऑपरेशनचे दाखवतात तसे.

लेकराला न विचारता धुऊ नका. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लेकरं ज्या चिंधीला किंवा खेळण्याला चिकटून राहतात त्याबद्दल त्यांनी १९५३ साली लिहिलं. ते कळकट झालं, वास मारू लागलं तरी आई तसंच राहू देते, कारण धुतल्याने लेकराच्या अनुभवात खंड पडतो हे तिला ठाऊक असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून आधी सांगा, आज हिची आंघोळ. लेकरालाच पाणी ओतू द्या. रुई आतून वाळायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं, म्हणून हे काम उन्हाळ्यातच काढा.

वाळवताना तिला गळ्याशी दोरी बांधून किंवा चिमटा लावून तारेवर लटकवू नका. आपल्या भागात तर कधीच नको. अंगणात खाट टाका, तिच्यावर आडवी ठेवा, आणि खाट अशी ओढा की लेकराला दारातून ती दिसत राहील.