इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी: एलएफपी की एनएमसी?

दुकानात ‘लिथियम आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आत सेल कोणते, ते विचारा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. सेल ३.२ व्होल्टचा, फुल चार्जला ३.६५. एनएमसीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट, सेल ३.६-३.७ व्होल्टचा, फुल चार्जला ४.२. किलोमागे वीज एनएमसीत जास्त मावते, म्हणून स्कूटरला ती सोयीची. पण घरात कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीचं वजन बघतंय कोण? एलएफपी तापली तरी सहजासहजी पेट घेत नाही आणि चार्जिंगची आवर्तनंही बरीच जास्त काढते.

खरी गोम चार्जरमध्ये आहे. ट्यूब्युलर, म्हणजे नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी बनवलेला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करतो. एलएफपीचे चार सेल सिरीजमध्ये लावले की प्रत्येकी ३.६ व्होल्ट, अगदी मापात. एनएमसीचे तीन लावले तर प्रत्येकी ४.८: बीएमएसने (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग वेळीच तोडलं नाही तर आगीचा धोका. चार लावावेत, तर ३.६ वरच थांबून बॅटरी अर्धीही भरत नाही.

१५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलरच्या जागी १०० एएच एलएफपी पुरते, कारण ट्यूब्युलर निम्मीच वापरायची असते, एलएफपी ८० टक्के वापरता येते. ७०० वॉट लोडला बॅटरीतून साधारण ६५ अँपिअर ओढले जातात. तेव्हा बीएमएस १०० अँपिअरचा, वायर २५ स्क्वेअर एमएमची, पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ फ्यूज. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) घट्ट आवळा आणि अर्धा तास लोड चालवून टर्मिनल बघा. गरम लागलं तर जोड ढिला आहे. जुनी ट्यूब्युलर पॅरलल ठेवू नका.

इन्व्हर्टरला लिथियम मोड असेल तर तोच लावा. नसेल तर ज्या मोडमध्ये व्होल्टेज १४.६ च्या वर जात नाही, तो निवडा; मल्टिमीटर लावून खात्री करा. इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद हवं.

इन्व्हर्टरवरच्या चार्जिंगच्या कांड्यांवर मात्र विसंबू नका. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, मग शेवटी एकदम कोसळतं. कांड्या तीन दिसताहेत आणि घर अंधारात, असं होतं.

वारंवार लवकर बंद पडत असेल तर फुल चार्ज होत असताना, शेवटच्या टप्प्यात प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. एक ३.६५ ला टेकलाय, बाकीचे ३.४ वर, असं दिसलं तर सेल बॅलन्समध्ये नाहीत. चार्जर लगेच काढू नका. काही तास १४ व्होल्टच्या आसपास चालू ठेवा, बीएमएस हळूहळू सारखं करतो.