बरोबरीत सुटलेला डाव कसा तपासावा

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. कोनेरू हंपी आणि दिव्या देशमुख यांचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकचा (बरोबरी फोडायच्या डावांचा) पहिला रॅपिड, म्हणजे जलद डावही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी खेळून नागपूरच्या दिव्याने विश्वचषक जिंकला. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणारी मुलं हा शेवटचा डाव घडाघडा मांडून दाखवतात. आधीचे तीन मात्र कुणी उघडलेलेच नसतात. ‘शिकायचं तर निकाली डाव बघ,’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. खासबागेत कुस्ती बरोबरीत सुटली तरी जाणकार विचारतातच, पकड कुणी घातली आणि समोरच्याने ती सोडवली कशी. पटावरही हेच विचारायचं.

डाव लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या, खरा पट मांडा, इंजिन (चालींचं मूल्यमापन करणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवा. ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या, चाली भराभर करून पुढे जा.

पण त्याआधी बरोबरी कुणाला परवडणार होती ते बघा. नॉर्वे चेस स्पर्धेच्या महिला गटात क्लासिकल डाव बरोबरीत सुटला की लगेच आर्मागेडन (निकाल लावणारा झटपट डाव) खेळावं लागतं. बाद फेरीत बरोबरी झाली की टायब्रेक जवळ येतो, आणि हंपी 2019 आणि 2024 अशी दोनदा रॅपिडची जगज्जेती ठरली आहे, म्हणजे तिला ते परवडतं. 2023 मध्ये जू वेन्जुन आणि ले टिंगजिए यांच्या महिला जगज्जेतेपदाच्या सामन्यात 12 पैकी 9 डाव बरोबरीत सुटले, तरी जू 6.5-5.5 अशी जिंकलीच. त्याच चाली फिरवून, तीच स्थिती तीनदा आणून डाव बरोबरीत संपवला असेल तर आधी कोण फिरवायला लागलं आणि वेगळी चाल केली असती तर काय झालं असतं, हे पटावर करून बघा.

आता खरा अवघड टप्पा. मला स्वतःला याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं, म्हणून नीट वाचा. इंजिन सुरू केलं की वीस-वीस चाली 0.00 दिसतं आणि माणूस म्हणतो, काही घडलंच नाही. 0.00 चा अर्थ एवढाच की अचूक खेळलं तर डाव बरोबरीत सुटतो. तिथे वाचवणाऱ्या चाली दहा होत्या की एकच होती, हे तो आकडा सांगत नाही.

एक उदाहरण मांडून बघा. पांढरा राजा डी5, हत्ती ए7, प्यादं ई5. काळा राजा ई8, हत्ती बी6. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं ई6 वर आलं, की लगेच हत्ती बी1 ला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे पांढऱ्या राजाला आता आडोसा उरत नाही. हेच न करता जो हत्ती आठव्या ओळीत राजाशेजारी दडवून पांढऱ्याचा राजा आणि प्यादं दोन्ही सहाव्या ओळीत येऊ देतो, तो मधल्या प्याद्यापुढे हरतो. सात मोहऱ्यांपर्यंतच्या अशा स्थितींचं पक्कं उत्तर टेबलबेसमध्ये, म्हणजे आधीच पूर्ण सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या संग्रहात, मिळतं, तिथे इंजिनची गरजच नाही.

म्हणून आधी इंजिनशिवाय पूर्ण डाव खेळा आणि जिथे हात थबकला त्या चाली वहीत लिहा. मग इंजिनला एक नाही, चार ओळी (म्हणजे चार पर्यायी चाली) दाखवायला लावा आणि दुसरी ओळ वाचा. पहिली ओळ 0.00 आणि दुसरीत प्रतिस्पर्ध्याला दोन प्याद्यांएवढा किंवा त्याहून जास्त फायदा दिसला, तर ती एकमेव चाल होती. तिच्याभोवती लाल वर्तुळ करा. चारही ओळी 0.00 असतील तर पुढे चला. (आपलं मोहरं मारणाऱ्या मोहऱ्याला लगेच उलट मारणं यात धरू नका, ते कुणालाही दिसतं.) शेवटी वर्तुळं कुणाच्या बाजूला जास्त आहेत ते मोजा. दबावाखाली कोण होतं ते तिथेच कळतं. इंजिन दाखवतं ती अचूकतेची टक्केवारी मात्र अजिबात बघू नका. दोघींची टक्केवारी सारखीच चांगली दिसते आणि वाचवायला कुणाला किती कष्ट पडले ते त्यातून समजत नाही.

इंजिनने ‘जिंकायची संधी घालवली’ असं दाखवलं तरी घाईने चूक म्हणून लिहू नका. आधी घड्याळ बघा. बटुमीत क्लासिकलला पहिल्या 40 चालींसाठी 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद होते. पस्तिसाव्या चालीला हातात दोन मिनिटं उरली असताना शह नाही, मारामारी नाही, अशा सलग पाच शांत चाली शोधायच्या असतील, तर त्याला मी चूक म्हणत नाही.

मग लाल वर्तुळाची एक स्थिती मांडून जोडीदाराबरोबर दहा-दहा मिनिटांचा डाव लावा, बचावाची बाजू स्वतःकडे घ्या. हरलात तर इंजिन उघडू नका. मोहरी परत त्याच जागी ठेवा आणि पुन्हा खेळा.