पासवर्ड मागतो, पण कीबोर्ड मुका

स्वतः बांधलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बूट झाला, एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड मागू लागला, आणि यूएसबी कीबोर्ड ढिम्म. जुन्या कर्नलवर 'एलएसपीसीआय -के' ही हार्डवेअर आणि त्याचे ड्रायव्हर दाखवणारी आज्ञा चालवली: यूएसबी कंट्रोलर एक्सएचसीआय प्रकारचा. नव्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेवेळी डिस्कवरून चढवायचा वेगळा तुकडा) म्हणून होता आणि ते मॉड्यूल त्याच बंद डिस्कवर! म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप.

मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या मेन्यूत, यूएसबीचा गाभा, एक्सएचसीआय, त्याचा पीसीआय भाग, आणि एचआयडी (कीबोर्ड-माउससारखी उपकरणं) विभागातले जेनेरिक व यूएसबी एचआयडी ड्रायव्हर यांना 'एम' (मॉड्यूल) ऐवजी 'वाय' (थेट कर्नलमध्येच) दिलं. शेवटचे दोन हमखास विसरले जातात. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम) मॉड्यूल घालूनही भागतं, पण मला हे सरळ वाटलं. एक्सएचसीआय यूएसबी 2 ची उपकरणंही सांभाळतो. या मशीनवर दुसरा कंट्रोलर नाही, म्हणून जुन्या प्रकारच्या यूएसबी कंट्रोलरचे ड्रायव्हर ईएचसीआय, ओएचसीआय, यूएचसीआय बंद केले. आता पासवर्ड टाइप होतो.