पाचट पेटवताना आणि न पेटवतानाही : या चुका टाळा

जानेवारीत सोलापुरात गड्डा यात्रा भरते तेव्हा जिल्ह्यातली ऊसतोड ऐन भरात असते. त्या दिवसांत मोहोळहून पंढरपूरकडे संध्याकाळी निघालात, तर रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, धुमसताना दिसतेच. तोडणी मजुरांची टोळी हलली, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधून नेले, की उरलेल्याला काडी लावायची. आमच्या घरीही बरीच वर्षे हेच चालले. बंद केले तेव्हा वाटले, सुटलो. पण जाळातून हवा तापवणारा मिथेन वायू निघतो, आणि पुढे खड्ड्यात पाचट टाकून तोच मिथेन आम्ही दुसऱ्या वाटेने तयार करत होतो, हे कळायला आणखी दोन हंगाम गेले.

पहिली चूक हिशेबाची आहे. 'धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो पुढचा ऊस परत ओढून घेतो,' असे पारावर ऐकायला मिळते. कार्बन डायऑक्साइडपुरते ते बरोबरच आहे. मिथेन मात्र ऊस ओढून घेत नाही. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, आणि वीस वर्षांचा धरला तर ८० किलोंइतकी. एकरी साधारण ४ टन कोरडे पाचट निघते. पेटवल्यावर त्यातले ८० टक्के जळते असे धरू. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) प्रमाणाने जळलेल्या किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन, म्हणजे एकरी साडेआठ किलोंच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण हा एकाच एकराचा आहे. त्याच जाळातून जवळपास ३०० किलो कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो आधी वस्तीवरच्या लेकराबाळांच्या छातीत जातो.

दुसरी चूक शहाणपणाची वाटते, म्हणून जास्त घातक. जाळ शेजारच्या उभ्या उसात जाऊ नये म्हणून लोक पहाटे, दव असताना पेटवतात, किंवा पाचट बांधाला ढीग करून ठेवतात आणि तो दोन दिवस धुमसत राहतो. मोकळ्या ज्वाळेत वायू बऱ्यापैकी जळून जातात. धुमसणाऱ्या ढिगात आत हवा पोचत नाही, उष्णता कमी पडते, आणि मिथेन व कार्बन मोनॉक्साइड न जळताच बाहेर पडतात. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर दिसला की समजा, हेच चालले आहे. म्हणून कडक वाळवून पेटवा असे मी मुळीच सांगत नाही. कसेही पेटवले तरी पाचटातले नत्र आणि कर्ब हवेतच जातात. तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा फड पेटवण्याबद्दल तर बोलायलाच नको. जळीत उसाला कारखान्यात कपात लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आमची चूक. 'जाळायचे नाही ना, मग पुरून टाकू,' म्हणून विहिरीजवळच्या खड्ड्यात पाचट दाबले, वर पाणी सोडले, माती लोटली. चार महिन्यांनी उकरले तर काळा, बुळबुळीत चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. हवा कोंडली की मिथेन तयार करणारे जिवाणू वाढतात. भाताच्या तुंबलेल्या खाचरात होते तेच इथे. तुमच्या खड्ड्याला असा वास येत असेल तर पाणी काढून टाका, पाचट वर उपसून जमिनीवर ढीग करा, मध्ये शेणाचे थर द्या, तीन-चार आठवड्यांनी उलथवा. ओलावा पिळलेल्या फडक्याइतकाच ठेवा.

त्यापेक्षा पाचट सरीतच कुजवणे सोपे. एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन, ही शिफारस आपल्याकडे जुनी आहे. इथे लोक युरिया वाचवतात आणि मग महिनाभरात खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडला म्हणून ओरडतात. पाचटात कर्ब ३२ ते ४० टक्के आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवताना जिवाणू लागणारे नत्र जमिनीतून उचलतात, आणि उसाला तेवढे दिवस काही उरत नाही. पिवळेपणा दिसला तर पाचटाला दोष देऊ नका, राहिलेला युरिया द्या. संवर्धन खतात मिसळू नका; ते वेगळे, कुजलेल्या शेणखतातून टाका.

फुटवे (नवे कोंब) कमी आले तर आधी बुडखे, म्हणजे तोडलेल्या उसाचे जमिनीतले खुंट, पाहा. पाचट त्यांच्यावर पसरलेले राहिले की कोंब दबतात. ते सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. सरीतून पाणी पुढे सरकत नाही ही तक्रार खरी आहे. कुट्टी करून घेतली तर पाचट लवकर बसते. यंत्र मिळाले नाही तर एक आड एक सरीत भरा आणि पहिले पाणी सावकाश द्या. उन्हाळ्यात उजनी धरणाच्या कालव्याच्या पाण्याची पाळी लांबते, तेव्हा याच आच्छादनाखालची ओल तुम्हाला तारते.

डाळिंबवाल्यांसाठी एक अपवाद. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) लागलेल्या फांद्या बागेत कुजवू नका, रोग पसरेल. त्या बागेबाहेर नेऊन जाळाव्याच लागतात. तेवढ्याच, कोरड्या करून, लहान ढिगात. निरोगी छाटणीची कुट्टी मात्र झाडाखालीच जाऊ द्या.

पाचट ठेवलेल्या रानाला शेजारच्या जाळाची भीती असते. बांधालगतचे चार-पाच फूट मोकळे करून पाचट आत ओढा. टोळी हलण्याआधी मुकादमाला आणि शेजाऱ्याला स्पष्ट सांगून ठेवा, की या फडात काडी लावायची नाही.